आधी शीत, मग भात

विद्यार्थी मित्रहो, अंगणवाडीत लहान मुलांचा दंड मोजण्याची पट्टी तुम्ही पाहिली आहे काय? पाहिली नसेल, तर घराजवळच्या अंगणवाडीत जाऊन ताईंकडे मागा आणि हातात घेऊन नीट न्याहाळा. बोटभर रुंदीची ती एक साधी पट्टी असते. तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग असतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची आणि खिडकीत कोणता रंग दिसतो ते पाहायचे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल रंग, म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला ताबडतोब उपचार हवेत. साडेअकरा ते साडेबारा या दरम्यान पिवळा, म्हणजे सावध राहा. त्याच्यावर हिरवा.

या पट्टीला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आकडे वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. वजनकाटा टांगायला जागा नसलेल्या झोपडीतही ती चालते. मुलाचे नेमके वय आईला सांगता आले नाही तरी अडत नाही, कारण या वयोगटात निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. ज्याने ही पट्टी घडवली त्याने ती कोण वापरणार, कोठे वापरणार, घाईत वापरताना काय चुकेल, याचा आधी विचार केला होता. वस्तू लहान, पण तिच्यात विचार मोठा.

आता त्याच ताईंच्या हातातील दुसऱ्या वस्तूकडे पाहू. ती आहे मोबाईल फोन. या दोन वस्तूंच्या तुलनेतून मला आज तुमच्यापुढे, आणि तुमच्या शिक्षकांपुढेही, एक मत मांडायचे आहे.

फोन परत का आले?

२०१८ साली देशात पोषण अभियान सुरू झाले. अंगणवाडीतील जाडजूड नोंदवह्या जाऊन सगळी माहिती फोनवर भरली जावी, कोणते मूल कुपोषित आहे हे वरपर्यंत त्वरित कळावे, हा त्यामागील एक उद्देश होता. उद्देश चांगला होता, यात शंका नाही. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांना लाखाच्या वर फोन वाटले गेले. पुढे मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचे नवे सॉफ्टवेअर आले. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राने काय करायचे हे सांगणाऱ्या आज्ञांचा संच. जुन्या पुस्तकांत त्यालाच आज्ञावली म्हणत.

अडचण येथे सुरू झाली. फोन दोन-तीन वर्षांपूर्वीचे, कमी स्मृतिक्षमतेचे. नवी आज्ञावली त्यांच्यावर नीट मावेना. फोन तापत, मध्येच बंद पडत. दुरुस्तीचा खर्च अंगावर येई. शिवाय आरंभी ते सॉफ्टवेअर इंग्रजीत होते. ज्या ताईंनी आयुष्यभर मराठीत वह्या लिहिल्या, त्यांच्यापुढे इंग्रजी रकाने उभे राहिले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. पुढे ते सॉफ्टवेअर मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले, ही चांगली गोष्ट. परंतु ती आधी व्हायला हवी होती.

पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या डोंगररांगा सुरू होतात. तिकडच्या पाड्यांवर घरात कोकणी, मावची, भिल्ली बोलली जाते, बाजारात अहिराणी आणि शाळेत मराठी. इंग्रजीचा क्रमांक चौथा किंवा पाचवा. वळणापलीकडे गेले की फोनची रेघ नाहीशी होते. अशा ठिकाणी काम करणाऱ्या एका ताईंना मी एकदा विचारले, "ताई, फोनवर माहिती भरता ना?" त्या खाली मान घालून म्हणाल्या, "सर, माले जमत नई."

मित्रहो, माझ्या मते या सगळ्या हकिगतीतील सर्वांत वाईट गोष्ट फोन तापणे ही नव्हे, तर हे वाक्य आहे. ज्या बाई शंभर घरांतील मुलांची नावे, वजने आणि लसीच्या तारखा तोंडपाठ सांगतात, दंडाची पट्टी डोळे मिटून वापरतात, त्या "मला जमत नाही" असे म्हणतात. यंत्र चुकते, आणि दोष माणूस स्वतःच्या अंगावर घेतो. अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने हेच दाखवून दिले, की दार ढकलायचे की ओढायचे हे कळत नसेल, तर चूक माणसाची नसते, ते दार बनवणाऱ्याची असते.

माझीच एक चूक

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी माझीही एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत निकालपत्रके तयार करण्याचे नवे सॉफ्टवेअर आले. संगणकाचे काम माझ्याकडे होते. प्रयोगशाळेतील सर्वांत नव्या संगणकावर ते चालवून पाहिले. उत्तम चालले. मग मोठ्या उत्साहाने मी रात्री बसून ते प्रयोगशाळेतील आणि कार्यालयातील सगळ्या संगणकांवर भरले. नव्याचा आग्रह म्हणून जुने काढूनही टाकले.

दुसऱ्या दिवशी निकाल होता. कार्यालयातील संगणकावर पहिले निकालपत्रक उघडले, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला झालेला! एकाही मुलाचे नाव वाचता येईना. बाहेर पालक जमले होते. काही जण पाड्यावरून जीपगाडीने आले होते, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती. शेवटी आमच्या लिपिकांनी आणि चार शिक्षकांनी दुपारपर्यंत बसून निकालपत्रके हाताने लिहिली.

असे का झाले? यात थोडे विज्ञान आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'क' चा क्रमांक २३२५ आहे, 'ख' चा २३२६, 'ग' चा २३२७. हे क्रमांक केवळ देवनागरी अक्षरांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे पिंपळनेरात लिहिलेला 'क' पुण्यात किंवा पॅरिसमध्ये उघडला तरी 'क' च राहतो. पण त्याआधीच्या अनेक मराठी टंकांत युक्ती निराळी होती. संगणकात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवायचा आणि पडद्यावर त्याच्या जागी मराठी अक्षराचे चित्र दाखवायचे. तो टंक ज्या संगणकावर आहे तेथे मराठी दिसणार, नाही तेथे मूळचा इंग्रजी काला उघडा पडणार.

आमचे नवे सॉफ्टवेअर असल्याच जुन्या टंकावर आधारलेले होते. ज्या संगणकावर मी परीक्षा घेतली, त्यावर शाळेच्या सूचना छापण्यासाठी तो टंक मीच पूर्वी बसवला होता. म्हणजे जो संगणक पास होणार हे आधीच ठरलेले होते, नेमक्या त्याचीच मी परीक्षा घेतली! परीक्षा झाली, पण ती परीक्षाच नव्हती.

शितावरून भाताची परीक्षा

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत चिमटीत दाबून पाहिले की पातेलेभर भात शिजला की नाही ते कळते. ही उत्तम वैज्ञानिक पद्धत आहे. तिला नमुना तपासणे म्हणतात. पण ती केव्हा खरी ठरते? पातेल्यात सगळीकडे सारखी उष्णता पोहोचली असेल तेव्हाच. चुलीवरच्या मोठ्या हंड्यात लग्नाचा भात करणाऱ्या आचाऱ्याला विचारा. तो एक शीत कधीच बघत नाही. झारा तळापर्यंत घालून खालचे, मधले आणि कडेचे शीत बघतो. कारण तळाशी करपलेले आणि कडेला कच्चे असे दोन्ही एकाच हंड्यात असू शकते.

आपला महाराष्ट्र हा असा मोठा हंडा आहे. मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात, नव्या फोनवर, वेगवान जोडणीवर एखादे सॉफ्टवेअर चालले, म्हणजे मधले एक शीत शिजले. त्यावरून साक्री तालुक्यातील पाड्याचा अंदाज करता येत नाही. माझे पहिले मत हे की, हजारो माणसांच्या हाती एखादे यंत्र किंवा सॉफ्टवेअर देण्याआधी ते दहा माणसांच्या हाती द्यावे, आणि ती दहा माणसे सर्वांत अवघड जागेची असावीत. सर्वांत जुना फोन, सर्वांत क्षीण जोडणी, सर्वांत कमी इंग्रजी, सर्वांत जास्त कामाचा बोजा, अशा ठिकाणी जे चालेल ते इतरत्र चालण्याची शक्यता पुष्कळच अधिक.

आधी शीत न पाहिल्याने काय होते, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण सांगतो. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी संगणकांना हल्ल्यांपासून वाचवणारे सॉफ्टवेअर बनवते. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक नवी फाईल धाडली. आज्ञावली त्या फाईलच्या आधारे २१ वी नोंद वाचायला गेली, प्रत्यक्षात तिच्यापुढे २० च नोंदी होत्या. नसलेल्या जागी हात घातल्यामुळे संगणकाचा सारा कारभारच कोसळला आणि पडदे निळे पडले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाईल मागे घेतली. पण तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. विमाने खोळंबली, रुग्णालयांचे काम अडले. आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्याची वेळ आली. आमच्या शाळेतील हस्तलिखित निकालपत्रकांचीच ती मोठी आवृत्ती म्हणायची!

ती फाईल आधी हजार संगणकांकडे पाठवून तासभर थांबले असते, तर हजार संगणकांवरच ते निभावले असते. त्यानंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत जाहीर केली. कोसळलेला संगणक दुरून दुरुस्त करता येत नव्हता, कारण तो सुरूच होत नव्हता. बहुतेक ठिकाणी एकेका संगणकापुढे माणसाने बसून ती फाईल काढून टाकावी लागली. पाठवायला काही मिनिटे, निस्तरायला कित्येक दिवस.

मग नवे काही पाठवूच नये काय? तसेही नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीतील एक धोक्याचे छिद्र बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. अनेक कार्यालयांनी ती बसवलीच नाही. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम त्याच छिद्रातून जगभर पसरला आणि इंग्लंडमधील कित्येक सरकारी रुग्णालयांचे काम ठप्प झाले. जूनअखेर आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या हल्ल्याने तर आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबवले. म्हणजे न शिजवता वाढणे जसे वाईट, तसे ताट पुढ्यात असून उपाशी बसणेही वाईट. घाई आणि दिरंगाई यांच्यामध्ये जी वाट आहे तिचे नाव प्रयोग. थोड्या ठिकाणी करा, पाहा, सुधारा, मग वाढवा. शाळेच्या प्रयोगवहीत तुम्ही जे लिहिता तेच.

विचार केलेल्या वस्तू

येथवर चुकांविषयी बोललो. पण नुसत्या चुका मोजत बसल्याने डोळा तयार होत नाही. चांगल्या वस्तूचे कौतुक करायला शिकले पाहिजे. आपल्या घरात अशा कितीतरी वस्तू आहेत, आणि त्या इतक्या निमूटपणे काम करतात की त्यांच्याकडे आपले लक्षच जात नाही.

इस्त्रीची तीन पिनांची खुंटी घ्या. वरची पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड का? ती जमिनीशी जोडणारी पिन आहे. लांब असल्यामुळे खुंटी आत जाताना जमिनीशी संबंध सर्वांत आधी जोडला जातो, आणि बाहेर काढताना सर्वांत शेवटी तुटतो. वीज असेल त्या प्रत्येक क्षणी संरक्षणही असते. जाड असल्यामुळे ती चुकूनही दुसऱ्या छिद्रात शिरत नाही. कोठेही सूचना लिहिलेली नाही. आकारच सूचना आहे.

स्वयंपाकघरातील आतून झाकण बसणारा कुकर पाहा. आत वाफ कोंडली असताना झाकण उघडले तर भाजण्याचा धोका. पण येथे झाकण भांड्याच्या तोंडाला आतून टेकलेले असते. वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम-भाराने जास्त असतो. झाकणाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर वाफ त्या झाकणाला सुमारे दीडशे किलो वजनाच्या जोराने वर दाबून धरते. ते खाली ढकलून काढणे पैलवानालाही जमायचे नाही. वाफ गेली की तेच झाकण दोन बोटांनी निघते. ज्या वाफेचा धोका, तीच वाफ पहारेकरी!

चूक करूच नका असे माणसाला बजावण्यापेक्षा चूक होऊच शकणार नाही अशी वस्तू घडवावी, हा विचार जपानमधील शिगेओ शिंगो या अभियंत्याने १९६० च्या दशकात कारखान्यांत रुजवला. तेथे त्याला पोका-योके म्हणतात. आपल्या फोनमधील सिमकार्डाचा कापलेला कोपरा हे त्याचेच रूप. उलटे बसतच नाही.

बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. असे यंत्र प्रथम २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एन्फील्ड येथे सुरू झाले. ते ज्यांच्या कल्पनेतून आले ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते आपल्या शिलाँगमध्ये. पुढे कार्डाची यंत्रे आली. त्यांत काही ठिकाणी आधी पैसे आणि मग कार्ड बाहेर येई. लोक पैसे उचलत आणि कार्ड विसरून निघून जात. का? कारण माणूस पैशांसाठी आलेला असतो. पैसे हाती आले की त्याच्या मनाने काम संपते. मग क्रम उलटा केला. आधी कार्ड घ्या, मगच पैसे. कार्ड विसरण्याचे प्रमाण घटले. लोक हुशार झाले नाहीत. यंत्र शहाणे झाले.

आणि आता आपल्या मराठीचेच एक उदाहरण. संगणकावर भारतीय भाषा लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट नावाची कळमांडणी आहे. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात ती दिलेली आहे. तिच्यात बहुतेक सगळे स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. आपल्या लिपीत व्यंजनानंतर स्वराचे चिन्ह येते, म्हणून लिहिताना उजवा हात, डावा हात असे आलटून पालटून चालतात. ज्या कळीवर 'क', तिच्यावरच शिफ्ट दाबले की 'ख'. 'ग' च्या कळीवर 'घ', 'त' च्या कळीवर 'थ', 'प' च्या कळीवर 'फ'. डावीकडे साध्या कळीवर काना, आणि शिफ्ट दाबले की 'आ'. म्हणजे तुम्ही पहिलीत जी वर्णमाला शिकलात तिची रचनाच बोटांखाली मांडली आहे. एवढेच नव्हे, तर 'क' ची कळ मराठीला जी, तीच गुजरातीला, बंगालीला, तमिळलाही. एक भाषा शिकलात की बोटांना सगळ्या भाषांचा रस्ता माहीत झाला.

पाणिनीच्या काळापासून ज्या वर्णमालेच्या शास्त्रशुद्ध मांडणीचा आपण अभिमान बाळगतो, तिचा असा व्यवहारी उपयोग किती शाळांत शिकवला जातो? मराठी नावे इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची सवय मात्र आपण मुलांना लवकर लावतो. चांगली वस्तू केवळ घडवून भागत नाही, ती माणसांच्या हाती पोहोचवावीही लागते. हा धडा सरकारला जसा आहे, तसा आम्हा शिक्षकांनाही आहे.

काही आक्षेप

यावर कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण आपल्यासारख्या देशाला एवढे चोचले परवडतील काय? मी उलट विचारतो, परत आलेले फोन परवडले काय? दंडाची पट्टी ही अंगणवाडीतील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे आणि सर्वांत विचारी वस्तूंपैकीही एक आहे. विचाराला पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसण्याची तयारी.

दुसरा आक्षेप असा, की लोकांना प्रशिक्षण दिले की झाले. प्रशिक्षण हवेच. कोणतीही नवी वस्तू पहिले काही दिवस अवघड वाटते, हेही खरे. एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच जाऊन छापील तिकिटे देणारे यंत्र आले, तेव्हा त्यांनाही सवय करावीच लागली. पण प्रशिक्षणाने चांगल्या यंत्राचा उपयोग वाढतो. वाईट यंत्र चांगले होत नाही. तापणारा फोन प्रशिक्षणाने थंड होत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कुपोषणासारखा प्रश्न थांबत नाही, मग दहा ठिकाणी करून पाहण्यात वेळ घालवावा काय? मूल आज उपाशी आहे. हे अगदी खरे आहे. म्हणूनच मी म्हणतो, की प्रयोग चालू असताना जुनी वही बंद करू नये. मी जुने सॉफ्टवेअर काढून टाकले नसते, तर त्या दिवशी निकाल तासाभरात हाती पडला असता. नवा पूल बांधून त्यावरून गाड्या धावू लागेपर्यंत जुना पूल पाडत नाहीत. फक्त दोन्हींचे ओझे एकाच माणसावर महिनोन् महिने टाकू नये; मुदत ठरवावी आणि पाळावी.

पाच प्रश्न

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. शाळा असो, दवाखाना असो, रेशन दुकान असो की ग्रामपंचायत असो, कामाच्या जागी नवे यंत्र किंवा सॉफ्टवेअर आणणाऱ्याने पाच प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत.

हे कोण वापरणार, आणि त्याच्या भाषेत ते आहे काय? वीज किंवा जोडणी नसेल तेव्हा ते काय करते? वापरणाऱ्याकडून चूक झाली तर ती सुधारता येते काय? सर्वांत अवघड ठिकाणच्या दहा माणसांनी ते वापरून पाहिले काय, आणि "हे चालत नाही" असे म्हणण्याची त्यांना मोकळीक होती काय? आणि सगळेच फसले तर मागे फिरण्याची वाट कोणती?

यांतील चौथ्या प्रश्नाचा उत्तरार्ध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेतलेल्या परीक्षेला काही अर्थ नाही. वरिष्ठ समोर उभे असताना "जमते ना?" असे विचारले तर कोणीही मान डोलावणारच. भात शिजला नसेल तर शिताला तसे सांगता आले पाहिजे.

तुम्ही काय कराल?

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून बाजूला ठेवू नका. एक प्रयोग सांगतो; तो करायला कसलीही सामग्री लागत नाही.

घरातील आजी, शेजारचे काका, दुकानदार अशी पाच माणसे निवडा. त्यांना फोनवर एकच लहानसे काम करायला सांगा. उदाहरणार्थ, एखाद्याचा क्रमांक मराठीत नाव लिहून साठवणे. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका आणि हात लावू नका. हेच सर्वांत कठीण आहे! फक्त वहीत लिहा: कोठे थांबले, काय चुकीचे दाबले, तोंडाने काय म्हणाले. काम किती वेळात झाले ते घड्याळावर पाहा. पाचही जण एकाच जागी अडखळले, तर ती पाच माणसांची चूक नव्हे. ती त्या वस्तूतील एक चूक आहे, आणि ती तुम्ही शोधून काढली आहे.

मग घरातील एक अशी वस्तू शोधा, जी तुम्हाला चुकू देत नाही. तिचे चित्र काढा आणि ती तसे कसे साधते ते दहा ओळींत लिहा. फोनच्या बटणांवर किंवा टी.व्ही.च्या रिमोटवर ५ च्या आकड्यावर एक बारीक ठिपका वर आलेला असतो. तो कशासाठी, याचे उत्तर मी मुद्दाम देत नाही. डोळे मिटून त्यावर बोट फिरवा, उत्तर बोटालाच कळेल. शिक्षकांनी हे लेखन वर्गात वाचून घ्यावे. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती दरवर्षी असते; एखाद्या वर्षी अशा निरीक्षणांचा तक्ताही लावून पाहावा.

तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, सॉफ्टवेअर लिहितील. काही जण अधिकारी होतील आणि ते लाखो लोकांना वाटण्याच्या आदेशावर सही करतील. त्या दिवशी डोंगरापलीकडच्या पाड्यावरची अंगणवाडी आठवा. तेथे एका बाईच्या एका हातात तीन रंगांची पट्टी आहे आणि दुसऱ्या हातात तुम्ही पाठवलेले यंत्र. पट्टी गुंडाळून तिने मुलाचा दंड मोजला आहे आणि खिडकीत लाल रंग दिसतो आहे. ही खबर तिला तुमच्या यंत्रातून तालुक्याला कळवायची आहे. त्या वेळी तिच्या तोंडून "माले जमत नई" असे निघाले, तर ते उत्तर तिचे नसेल, तुमचे असेल.